भीमथडीचें तट्टू आणि त्याच्या धन्याचें शिक्षण

आंबेगांव तालुक्यांत आहुप्याच्या डोंगरांत जी नदी उगम पावते तिचें नांव घोड. तिच्या कांठीं वसलेल्या तालुक्याच्या ठाण्याचें नांव घोडेगांव. आणि पुढें खालीं शिरूरला तर जुनीं माणसें घोडनदी म्हणूनच ओळखतात. नांवांवरून इतिहास काढण्याचा मोह मोठा असतो, पण तो येथें आवरलेला बरा. घोड नदीचें नांव घोड्यावरूनच पडलें असें छातीठोकपणें सांगण्यास आधार नाहीं. मात्र त्याच डोंगररांगेंत, भीमाशंकरीं, जी भीमा उगम पावते तिच्या थडीवरून दक्षिणेंतील एका काटक अश्वजातीस भीमथडी हें नांव मिळालें, याविषयीं वाद नाहीं. जुन्नरचा घोड्याशीं संबंध तर त्याहूनहि पुरातन आहे. नाणेघाटांतील सातवाहनांच्या लेखांत अश्वमेधाचा उल्लेख आहे, आणि यज्ञांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई व हत्ती यांच्या जोडीला घोडेहि नमूद आहेत.

घोडा दान देतां येतो, विकत घेतां येतो, लुटूनहि आणतां येतो. घोडा राखण्याची विद्या मात्र यांपैकीं कोणत्याहि मार्गानें येत नाहीं. ती कोणीतरी कोणास तरी शिकवावी लागते. आणि ती शिकविली गेली नाहीं तर दोन पावसाळ्यांत ठाण रिकामें पडतें. जुन्नर-आंबेगांवच्या मुलुखांत ही विद्या घोडेवाल्यांस कोणी शिकविली, कशासाठीं शिकविली, आणि शिकवितांना कोणाच्या घोड्याचें हित पाहिलें, ही हकीकत लढायांच्या वर्णनांत सांपडत नाहीं. ती निरनिराळ्या ठिकाणांहून वेंचून घ्यावी लागते.

या विद्येची किंमत काय, हें प्रथम एका दूरच्या उदाहरणावरून पाहूं. तेराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो यानें दक्षिण हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यावरील पांड्य राजांच्या मुलुखाविषयीं एक चमत्कारिक गोष्ट लिहून ठेविली आहे. होर्मुझ, एडन इत्यादि बंदरांतून तेथें दरसाल हजारों घोडे येत, आणि वर्षअखेर त्यांतले थोडेच जिवंत राहत. घोड्यांस काय चारावें, त्यांची निगा कशी राखावी, हें तेथें कोणास ठाऊक नव्हतें. नालबंद तर औषधालाहि मिळत नसे. आणि घोड्यांचे व्यापारी नालबंदास आपल्याबरोबर तिकडे जाऊं देत नसत! घोडा मेला कीं दुसरा खपे. घेणाऱ्याचें अज्ञान हीच विकणाऱ्याची मिरास होती. पोलोच्या सर्वच गोष्टी तोलून घ्याव्या लागतात, परंतु व्यापाऱ्याचा हा हिशेब कोणत्याहि काळांत खोटा ठरण्यासारखा नाहीं.

जुन्नरास या व्यापाराचें एक टोंक येऊन पोंचलें होतें. इ. स. १४७० च्या आसपास त्वेर शहरचा अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा गलबतावर घालून निघाला, चौलास उतरला आणि घांट चढून जुन्नरास आला. तेव्हां येथें बहामनी सुलतानाच्या वतीनें असदखान नांवाचा सरदार कारभार पाहत होता. घोडा आणण्यास शंभर रुबल खर्च आल्याचें निकितीन सांगतो. पावसाळा लागला, चोहोंकडे चिखल झाला, आणि परदेशी मनुष्य घोड्यासह अडकून पडला. हा मुसलमान नव्हे असें कळतांच खानानें घोडा काढून घेतला आणि धर्मांतर केल्यास घोडा व वर मोहरा देऊं, असें सांगून चार दिवसांची मुदत दिली. एका खुरासानी गृहस्थानें रदबदली केली म्हणून घोडा परत मिळाला. पुढें वर्षभर पोसून निकितीननें तो बेदरास विकला. या प्रवासवर्णनांत जुन्नरकरांच्या दृष्टीनें मोलाची ओळ दुसरीच आहे. येथें घोड्यांस वाटाण्यासारखें कडधान्य घालतात, साखर व तूप घालून खिचडी शिजवून चारतात, असें तो लिहितो. त्यास जें वाटाण्यासारखें दिसलें तें हरभरे किंवा हुलगेच असले पाहिजेत. हुलगे शिजवून घोड्यास घालण्याची चाल या भागांत अजून मोडलेली नाहीं. म्हणजे पांड्य देशांत पोलोनें जिचा अभाव पाहिला ती विद्या जुन्नरच्या पागेंत तोंवर आली होती. या देशांत घोडे निपजत नाहींत, असेंहि निकितीन म्हणतो. सरदारांच्या ठाणांवर बांधलेल्या अरबी व खुरासानी घोड्यांपुरतें तें खरें असेल. गांवोगांवच्या पाठीवर ओझें वाहणारीं तट्टें त्याच्या नजरेस पडलीं असतीलहि, पण शंभर रुबल खर्चून घोडा आणणारा मनुष्य त्यांस घोड्यांत कशास मोजील? हा दृष्टिदोष पुढें पुष्कळांस जडला.

यानंतर पावणेदोनशें वर्षांनीं याच शहरीं घोड्यांची मोठी लूट झाली. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० सालीं शिवनेरीवर झाला खरा, पण तो किल्ला त्यांच्या हयातींत स्वराज्यांत आला नाहीं, आणि जुन्नर शहर १६५७ सालीं मोगलांच्या अमलाखालीं होतें. त्या वर्षी एप्रिल अखेरच्या रात्रीं महाराजांच्या माणसांनीं दोरांच्या शिड्या लावून तट चढला आणि तीन लक्ष होनांबरोबर दोनशें घोडे नेले. घोडे मिळविण्याचा हा प्रसंग सर्वांच्या तोंडीं असतो. ते राखण्याची व्यवस्था मात्र बखरीच्या कोरड्या ओळींत राहून गेली आहे. सभासदाच्या बखरीवरून असें दिसतें कीं, पागेंतील दर पंचवीस स्वारांमागें एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे, आणि पावसाळ्यांत फौज छावणीस परत आली कीं घोड्यांसाठीं दाणा, वैरण, औषधें आणि गवतानें शाकारलेलीं ठाणें तयार असावीत असा दंडक होता. ज्या नालबंदास परदेशी व्यापारी जहाजावर घेत नसत, तो येथें पंचविसांच्या प्रत्येक तुकडीस सरकारांतून मिळाला. स्वराज्याच्या घोडदळाची किल्ली येथें शोधावी. ती रणांगणावर शोधणारे पुष्कळ आहेत.

महाराजांनीं राज्याभिषेकाच्या सुमारास, म्हणजे १६७३-७४ च्या आगेमागे, चिपळूणनजीकच्या छावणींतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस पाठविलेलें पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देंठासहि हात लावूं नये, या बोधासाठीं त्याची आठवण वारंवार काढली जाते. परंतु घोडेवाल्यांस दिलेला धडा म्हणून तें सहसा कोणी वाचीत नाहीं. पावसाळ्याची बेगमी म्हणून दिलेला दाणा व गवत आतांच बेबंदपणें उधळलें तर भर पावसांत कांहीं उरणार नाहीं, घोडीं उपाशी पडतील, मरूं लागतील, आणि मग तीं तुम्हींच मारिलीं असें होईल, असें त्यांत बजाविलें आहे. दाणा संपला कीं तुम्ही रयतेकडे जाल, ओरबाडाल, आणि लोकांस मोगल बरा वाटूं लागेल, हें त्याच्या पुढचें पाऊल. त्याहि पुढें बारीकसारीक गोष्टी आहेत. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवूं नये, तंबाखू ओढूं नये. रात्रीं दिवा जळत ठेवून झोंपूं नये, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवतास आग लागेल, आणि मग वैरणहि गेली व घोडींहि गेलीं. राजानें उंदराचा विचार करावा हें विशेष नव्हे. विशेष हें कीं, नुसता हुकूम न सोडतां त्याचें कारण सांगितलें आहे, आणि एका चुकीमागून दुसरी कशी येते तें हवालदाराच्या डोळ्यांपुढें उभें केलें आहे. शिकविण्याची ही रीत आहे. पत्र कोंकणांतील छावणीस आहे हें खरें. पण पावसाळ्यांतील वैरणीची चिंता घांटमाथ्याखालच्या मावळपट्ट्यांतहि तीच, आणि वातहि तीच.

पुढील शतकांत पागेच्या घोड्याशेजारीं शिलेदाराचा घोडा मोठ्या संख्येनें उभा राहिला. बारगिराचें घोडें सरकारचें. शिलेदाराचें घोडें त्याचें स्वतःचें. तें पडलें कीं त्याची रोजी पडली. म्हणून शिलेदार लढाईंत स्वतःपेक्षां घोड्यास अधिक जपतो असा टोमणा त्या काळीं मारला जाई. टोमण्यांतलें कुचकेपण सोडून दिलें तर त्यांत एक सत्य उरतें: ज्याच्या संसाराची धुरा घोड्यावर आहे, त्यास घोड्याचें दुखणें लवकर दिसतें. शिलेदाराच्या घरीं चंदी मोजण्याचें काम बायकामुलांकडे असे, आणि खरारा करतां करतां पाठीवरचा फोड हातास लागे, डोळ्यांस नंतर दिसे.

तरीहि भीमथडीच्या जातीचे खरे राखणदार शिलेदार नव्हेत. ते धनगर होत. पुणें, नगर, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांतील मेंढ्यांचे कळप पाऊस सरल्यावर चाऱ्याच्या शोधांत निघतात. कांहीं घांट उतरून कोंकणांत जातात आणि मृगापूर्वी परततात. पुरुष मेंढ्यांबरोबर रानोमाळ फिरतात, आणि सारा संसार तट्टांवर लादून पुढच्या मुक्कामीं नेण्याचें काम बायकांकडे असतें. पालाच्या काठ्या, भांडीं, घोंगडीं, पिठाची गोणी, वर पाय बांधलेल्या कोंबड्या, नुकतीं जन्मलेलीं कोंकरें, आणि या सर्वांच्या माथ्यावर एखादें तान्हें मूल. असलें ओझें घेऊन घांटाच्या निसरड्या पायऱ्या उतरणारें जनावर अंगानें लहानच असावें लागतें. खूर कणखर, पोटास थोडें, स्वभावानें गरीब, आणि मुक्कामावर सोडून दिलें तर कळपापासून दूर न जाणारें: या गुणांची निवड धनगरांनीं पिढ्यान् पिढ्या केली. कोणत्या घोडीचें शिंगरूं ठेवावयाचें आणि कोणतें बाजारीं न्यावयाचें, हा निर्णय पालापुढें शेकोटीशीं होई. त्याची वही नाहीं. शिंगरूं आईच्या मागून वाट शिकतें, आणि मूल आईच्या हाताखालीं शिंगरूं वळवावयास शिकतें. एकाच रस्त्यावर दोन शाळा चालतात. निकितीनला जो देश घोडे निपजवीत नाहीं असें वाटलें, त्या देशांत आपली स्वतःची जात निपजविणारे हे लोक, आणि त्यांस अश्वपाल म्हणून कोणत्याहि दरबारांत आसन मिळालें नाहीं.

ही वडिलोपार्जित विद्या सगळीच सोन्याची होती असें मात्र नव्हे. जुन्या शास्त्रांत शालिहोत्राचें नांव मोठें. त्यावरून घोड्यांच्या वैद्यास साळोत्री म्हणूं लागले. कल्याणी चालुक्यांच्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचलेल्या मानसोल्लासांतहि अश्वविद्येस जागा आहे. पण ग्रंथांतून गांवांत उतरतां उतरतां विद्येचा अर्क उडाला आणि पुष्कळदां नुसता कल्क राहिला. घोड्याच्या अंगावरच्या केंसांचे भोवरे पाहून त्याचें मोल ठरवावयाचें. छातीवर देवमण असला कीं धन्याचें भाग्य उघडलें, आणि भलत्या जागीं भोवरा असला कीं चांगलें निकोप जनावर मातीमोलानें द्यावयाचें. पंचकल्याणी घोडा दाराशीं असला म्हणजे लंगडा असला तरी चालतो, असे लोक अजून आहेत! पाय धरला कीं तापल्या लोखंडाचा डाग, कुरकुरीनें घोडा लोळूं लागला कीं पुन्हा डाग. पोटांतला शूळ कातडीवरच्या डागानें थांबत नाहीं. ज्या बाईस तट्टाच्या श्वासावरून ओझें जास्त झाल्याचें कळतें, तीच दुसऱ्या दिवशीं त्यास डाग देवविते. परंपरेचे गोडवे गाणारांनीं या दोन्ही गोष्टी एका ठिकाणीं ठेवून पाहाव्या.

इंग्रजी अंमल आला तेव्हां शिकविण्याचें काम नव्या हातीं गेलें. १८१७ च्या पुणें तहान्वये पेशव्यांच्या खर्चानें जें घोडदळ उभारलें गेलें, तें पुढें पूना हॉर्स या नांवानें प्रसिद्धीस आलें. त्याचें ठाणें घोडनदीस, म्हणजे शिरूरास, होतें. घोड आणि कुकडी या नद्यांच्या खोऱ्यांतील जुन्नर-आंबेगांवच्या घोडेवाल्यांस सरकारी घोड्याचें दर्शन व्हावयाचें तें याच ठाण्यावर. कंपनी सरकारनें शिरूर तालुक्यांत आळेगांव येथें घोड्यांची पैदास करणारी पागाहि ठेविली होती. ती पुढें मोडली, पण आळेगांव पागा हें नांव गांवानें टाकलें नाहीं. पुढें पुढें अरबी आणि विलायती जातीचे वळू घोडे ठिकठिकाणीं ठेवून खेड्यांतील घोड्यांस त्यांच्याकडून शिंगरें व्हावींत अशी योजना झाली. नगरास घोड्यांचीं प्रदर्शनें भरत, उत्तम घोडी व उत्तम शिंगरूं यांच्या धन्यांस बक्षिसें मिळत. बक्षीस घेणाऱ्यास चार शब्द ऐकविले जात आणि न मिळालेल्याने शेजाऱ्याच्या घोडीकडे पाहून शिकावें अशी अपेक्षा असे. शिकवणुकीचा हा प्रकार वाईट म्हणतां येणार नाहीं. पण त्या शाळेंत एकच विषय होता: रिसाल्यास लागणारा उंच घोडा. जें शिंगरूं स्वाराखालीं शोभेल तें पुढें. बाकीचीं खुजीं, टाकाऊ. धनगराचें तट्टू खुजें होतें हें खरेंच. तें खुजें आहे म्हणूनच माळशेजच्या वाटेनें उतरतें, हें परीक्षकाच्या कागदावर मांडावयास रकाना नव्हता.

मोठ्या अंगाचें शिंगरूं मोठा तोबरा मागतें. ज्या घरीं माणसांस वर्षभर बाजरी पुरत नाहीं तेथें त्यास हरभरे कोण घालणार? १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें पुणें आणि नगर जिल्ह्यांचे पूर्वभाग पार होरपळले. अशा वेळीं पाल्यावर व वाळल्या गवतावर तग धरणारें जनावर कोणतें आणि तोबऱ्याविना मान टाकणारें कोणतें, हा धडा सृष्टीनेंच शिकविला. फरक इतकाच कीं त्याची फी फार पडली. शेवटीं लष्कराची नजर पंजाबांतील कालव्यांच्या नव्या वसाहतींकडे वळली. तेथें घोडी पाळण्याच्या अटीवर जमीन देण्यांत येऊं लागली. दक्षिणेच्या तट्टास सुधारण्याची हौस विरली, आणि तट्टू होतें तेथेंच राहिलें.

या काळाची एक देणगी मात्र टिकाऊ ठरली. मुंबईस परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवानें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें आणि त्याला जोडून १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. तेथून शिकून निघालेले डॉक्टर जिल्ह्याजिल्ह्यांत गेले, आणि साळोत्र्याच्या डागणीस प्रथमच तोलाचा प्रतिस्पर्धी मिळाला. १८९९ सालीं ग्लँडर्स या रोगाविषयीं कायदा झाला. हा रोग घोड्याच्या नाकांत व फुप्फुसांत व्रण पाडतो, तो माणसासहि होतो, आणि त्यावर घोड्यासाठीं इलाज केला जात नाहीं. रोगी जनावर मारून टाकावें असाच नियम आहे. शिक्षणाची खरी कसोटी अशा वेळीं लागते. नाकांतून पू येणारें घोडें दवाखान्यांत न्यावें, असें समजावण्यास गेलेला मनुष्य घोडेवाल्यास डॉक्टर वाटेल कीं फांशी देणारा वाटेल, हें त्याच्या पदवीवर अवलंबून नाहीं. धाक असेल तेथें घोडें रातोरात दुसऱ्या बाजारीं जातें आणि रोग त्याच्याबरोबर चालतो.

स्वातंत्र्यानंतर घोड्याची गरजच आटली. १ जून १९४८ रोजीं सरकारी मोटार वाहतुकीची पहिली गाडी पुणें-नगर रस्त्यावर धांवली. म्हणजे ती घोडनदीवरूनच गेली. जेथें रिसाल्याचीं ठाणें होतीं तेथें आतां थांबा झाला. टांगे मागें पडले, बाजारीं जाणारीं तट्टें कमी झालीं. १९६० सालीं आफ्रिकी अश्वरोगाची सांथ देशांत शिरली आणि घोडे, खेंचरें, गाढवें मिळून बावीस हजारांहून अधिक जनावरें दगावलीं. त्याच वर्षी प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा नवा कायदा झाला, आणि त्याखालीं १९६५ सालीं ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांचे नियम आले. तट्टाच्या पाठीवर ७० किलोंपेक्षां अधिक ओझें नसावें. जेथें पारा ३७ अंशांवर जातो तेथें दुपारीं बारा ते तीन जनावर जुंपूं नये. कांटेरी लगाम वापरूं नये. नियम चांगले आहेत. परंतु उंदराच्या वातीपर्यंत उतरून कारण सांगण्याची ती जुनी रीत त्यांत नाहीं, आणि ज्याच्यासाठीं ते केले त्याच्या पालापर्यंत राजपत्र जात नाहीं. २००६-०७ च्या सुमारास ग्लँडर्स महाराष्ट्रांत पुन्हा उद्भवला, तेव्हां ही उणीव महाग पडली. रक्ताची तपासणी, आजारी घोडें वेगळें बांधणें, पाण्याची डोण आणि तोबरा दुसऱ्या घोड्यास न देणें, या साध्या गोष्टी बाजारोबाजारीं सांगत फिरावें लागलें. मारलेल्या जनावराची भरपाई देण्याची तरतूद झाल्यावर लपवाछपवी कमी होण्यास वाव मिळाला.

परदेशांतील एक हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज घोडदळाचे उरलेसुरले घोडे कैरो शहरीं विकले गेले आणि ओझ्याखालीं झिजत राहिले. १९३० सालीं तेथें गेलेल्या डोरोथी ब्रुक या बाईंनीं वर्गणी जमवून ते घोडे सोडविले आणि १९३४ सालीं मोफत रुग्णालय काढलें. अनुभवानें तिच्या संस्थेस कळून आलें कीं, घोडा बरा करून त्याच धन्याच्या त्याच खोगिराखालीं पाठविला तर तो आठ दिवसांत परत येतो. हिंदुस्थानांत ही संस्था आली तेव्हां तिनें गांवांतील घोडेवाल्यांचे गट बांधले. हे लोक एकमेकांचीं जनावरें तपासतात, पाठ, खूर, डोळे यांस आपसांत गुण देतात, आणि ‘आपण घोडा असतों तर धन्याकडे काय मागितलें असतें’ या प्रश्नावर मिळून विचार करतात. विटभट्टीवर काम करणाऱ्या निरक्षर माणसानें या प्रश्नाला प्रथम पाणी, मग सावली, मग विसांवा अशीं उत्तरें द्यावींत, यांत नवल नाहीं. त्यालाहि तेंच हवें असतें. आपल्या राज्यांत सांगली-सोलापुराकडे अ‍ॅनिमल राहत ही संस्था २००३ पासून बैल, घोडे, गाढवें यांच्या धन्यांत काम करीत आहे.

जुन्नर-आंबेगांवांत आज घोडी दिसते ती मुख्यतः दोन ठिकाणीं: लग्नाच्या वरातींत आणि यात्रेच्या घाटांत. येथील बैलगाडा शर्यतींत चौखूर धांवणाऱ्या बैलांपुढें घोडीस्वार घोडी काढतो, आणि घाट चढून जाईपर्यंत ती मागून येणाऱ्या बैलांच्या पुढें राहते. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं या शर्यती थांबविल्या, डिसेंबर २०२१ मध्यें अटी घालून परवानगी दिली, आणि मे २०२३ मध्यें राज्याचा कायदा मान्य केला. या साऱ्या वादांत बैलाविषयीं दोन्ही पक्षांनीं पुष्कळ लिहिलें. घोडीची आठवण थोड्यांनाच झाली. कठीण उतारावर थांबतांना तिचे पुढचे पाय कसे आदळतात, वर्षभर बांधून ठेवलेली घोडी एका उन्हाळ्यांत किती वेळां पळवावी, दाणा घालून किती वेळ गेल्यावर पळवावी, धनुर्वाताची लस कधीं द्यावी, हे प्रश्न घाटावर जमलेल्या हौशी तरुणांपुढें कोणी मांडले तर ते ऐकतील. त्यांच्या घोडीच्या वेगाचा तो प्रश्न आहे. जुन्नर, मंचर, घोडेगांव येथील दवाखान्यांत संकरित गाईंचीच रीघ असते, आणि घोडीचा पाय धरून पाहणारा डॉक्टर शोधावा लागतो. देशाच्या पशुगणनेंत २०१२ सालीं घोडे व तट्टें मिळून सुमारें सवासहा लाख होतीं. २०१९ सालीं तीं ३ लाख ४० हजारांवर आलीं. जनावरें घटलीं कीं जाणतेहि घटतात.

अशा उतरत्या काळांतच भीमथडीस नांव मिळालें. पाळणाऱ्यांनीं आणि पशुवैद्यकांनीं मिळून केलेल्या खटपटीनंतर कर्नाल येथील राष्ट्रीय पशु-आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें २०२३-२४ सालीं भीमथडी ही देशांतील एक स्वतंत्र अश्वजात म्हणून नोंदली. मारवाडी, काठेवाडी, स्पिती, झंस्कारी, मणिपुरी, भुतिया आणि कच्छी-सिंधी यांच्या पंक्तीस ही आठवी. पूर्वी परीक्षक प्रदर्शनांत बसे आणि तट्टू त्याच्यापुढें उभें केलें जाई. नोंदणीसाठीं शिकलेल्या माणसांस पालापालांवर जावें लागलें, उंची मोजावी लागली, आणि कोणती घोडी चांगली व कां, हें धनगरास विचारावें लागलें.

दिवाळी झाल्यावर तट्टांचे तांडे पुन्हा घांटाकडे निघतात. ओझें ७० किलो आहे कीं अधिक, हें मोजावयास पालावर काटा नसतो. बाई पहांटे खोगीर टाकते, घोंगडीची घडी पाठीच्या कण्यास लागूं नये अशी दोन्हीकडे सारखी करते, आणि तंग आवळते. तंग आवळतांना तट्टू पोट फुगवून धरतें, हें तिच्या मुलीस अजून ठाऊक नसतें. म्हणून दहा-वीस पावलें चालल्यावर आई थांबते आणि दुसऱ्यांदा तंग ओढावयास मुलीसच लावते.